दोन हजारच्या वर नाही

मी शांत माणूस आहे, असं जे लोक चारचौघांत सांगत फिरतात, त्यांच्यावर माझा फार राग आहे. मी शांत नाही. मी फक्त बोलत नाही. ऑफिसात साहेब माझी फाइल दुसऱ्याच्या नावाने वर पाठवतात, मी बोलत नाही. इमारतीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी माझं वाक्य अर्ध्यावर तोडतात, मी बोलत नाही. आत मात्र रटरट चाललेलं असतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी पाच-सहा वेळा चिडलोय आणि दर वेळी माझंच बरोबर होतं. एकदा नव्हतं. ते ओघाने येईलच.

आमची गाडी डिझेलची. चौदाशे पन्नास सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, टर्बो, कम्प्रेशन रेशो साडेसोळास एक, आणि कमाल टॉर्क दोनशे न्यूटन मीटर, तोही अवघ्या सतराशे पन्नास आरपीएमला. हे मी पुस्तक न बघता सांगतोय. गाडीबरोबर जे माहितीपुस्तक मिळतं, त्याला मी पहिल्याच आठवड्यात खाकी कव्हर घातलं होतं, आणि त्यातलं 'तांत्रिक तपशील' हे प्रकरण मला तोंडपाठ आहे. आधीचं 'वाहनाचा वापर' हे प्रकरण मी वाचलं नाही. गाडी कशी वापरायची हे मला पुस्तकाने शिकवावं, इतकी वाईट वेळ अजून आली नव्हती.

तळमजल्यावरचे पूलवाले काका (त्यांनी आयुष्यभर सरकारी पूल बांधले, म्हणून हे नाव, त्यातला एक अजून उभा आहे) मला एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "ते टॉर्क टॉर्क म्हणता, पण टॉर्क म्हणजे नक्की काय हो?" आता याला काय उत्तर द्यायचं? टॉर्क म्हणजे दोनशे न्यूटन मीटर! तेवढं सांगून मी वर निघून आलो. जिन्यात मला कळलं की ते हसतायत.

गाडीला दहा वर्षं झाली, पण तिच्याकडे बघून कुणी दोनसुद्धा म्हणणार नाही. पार्किंगमध्ये तिच्यावर जाड कापडाचं आवरण. त्याच्या आत जुनी चादर. मंगळवारी आणि शुक्रवारी मी ती ऑफिसला नेतो, दोन किलोमीटर जाणं आणि दोन येणं. पाऊस असेल तर नेत नाही. धूळ असेल तरी नेत नाही. रविवारी सकाळी जागच्या जागी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो, म्हणजे त्याला व्यायाम होतो. आणि काहीही झालं तरी आरपीएमचा काटा दोन हजारच्या वर जाऊ द्यायचा नाही. मागून ट्रकने हॉर्न मारून मारून जीव दिला तरी नाही. दहा वर्षांत गाडी तीन हजार चारशे किलोमीटर चालली. इतकी जपलेली गाडी या शहरात दुसरी सापडणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगत असे.

एवढ्यात हिच्या शाळेकडून पत्र आलं.

ही म्हणजे माझी बायको. बावीस वर्षं शिकवतेय. त्या पत्रात तिला मुख्याध्यापिका केलं होतं. पण संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, बेचाळीस किलोमीटरवर, हायवेला लागून. सकाळी नऊच्या आत पोचायचं आणि पहिली बस तिथे साडेदहाला पोचते. सोमवारी नऊच्या आत हजर होऊन सही केली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या बाईंना. आणि खाली बारीक अक्षरात एक अट: शाळेपासून तीस किलोमीटरबाहेर राहणाऱ्यांनी स्वतःच्या वाहनाच्या वैध तपासणी प्रमाणपत्राची प्रत हजर होताना जोडावी. ही अट ज्याने लिहिली त्याला एकदा भेटायचंय मला.

"मी गाडी घेऊन जाईन," ही म्हणाली. तिचं लायसन्स गाडीइतकंच जुनं आहे. गाडी घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिने ती कोपऱ्यापर्यंत नेली होती. दुसऱ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएम! मी शेजारी बसून डोळे मिटून घेतले होते. तेव्हापासून किल्ली माझ्या खिशात असते.

"बघू," मी म्हटलं. "आधी दहा वर्षांची तपासणी करून घेऊ. त्याशिवाय ते प्रमाणपत्र कुठलं? बुधवारची वेळ घेतो."

"मी नेऊ का बुधवारी? मला सुट्टी आहे."

"तू कशाला? तिथे तांत्रिक प्रश्न विचारतात."

ती काही बोलली नाही. तीही बोलत नाही. आमच्या घरात फार शांतता असते.

बुधवारी मी एक युक्ती केली. धुराची तपासणी आहे, तर इंजिन जितकं कमी चालेल तितका धूर कमी, हे कुणालाही पटेल. तपासणी केंद्र आमच्या चढाच्या बरोबर पायथ्याशी आहे. मी गाडी चढाच्या टोकाला आणली, इंजिन बंद केलं आणि तशीच उतारावर सोडून दिली. पहिली शंभर पावलं फार छान गेली. मग ब्रेक दाबला तर पायाखाली दगड! इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर मिळत नाही आणि स्टिअरिंगही आखडतं, हे 'तांत्रिक तपशील' या प्रकरणात कुठेही दिलेलं नाही. दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो, हँडब्रेक ओढला, आणि केंद्राच्या फाटकाला गाडीने अगदी हळूच, प्रेमाने म्हणावं तसं, नाक लावलं.

तपासनीस बाहेर आला. हातात चहाचा कप, कानाला पेन. त्याने इंजिनवर हात ठेवला.

"गार आहे."

"हो!" मी अभिमानाने म्हटलं.

"गार इंजिन चालत नाही. गरम करून आणा. पुढचा!"

मी गाडी एका बाजूला उभी केली आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिलो. चाळीस मिनिटं. जागच्या जागी. आठशे आरपीएमवर, गोगलगाय झोपेत घोरावी तशी. माझ्यामागून आलेले नऊ जण आत जाऊन बाहेर आले. त्यातला एक तर कोंबड्यांचा टेम्पो होता, तोही पास झाला.

शेवटी माझा नंबर लागला. तपासनिसाने मागच्या धुराड्यात एक नळी घातली, स्वतः आत बसला आणि ॲक्सिलरेटर थेट तळापर्यंत दाबला.

"अहो! अहो, काय करताय?" मी ओरडलो. दहा वर्षांत चढला नसेल इतका माझ्या इंजिनाचा आवाज चढला. काटा साडेचार हजारांवर! "दोन हजार! दोन हजारच्या वर नाही!"

"तपासणी अशीच असते," तो म्हणाला आणि पुन्हा दाबला.

धूर आला. धूर म्हणजे काय सांगू? दहा वर्षांचा एकदम आला. मागे रांगेत पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उभे होते, ते दिसेनासे झाले. परत दिसले तेव्हा शर्ट करडा होता. त्यांनी मला जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही, कारण त्यात माझ्या वडिलांचाही उल्लेख होता. मी बोललो नाही. मर्यादा पन्नासची, आमचा आकडा ब्याण्णव. कागदावर 'नापास' असा शिक्का पडला. शाळेत असताना मी कधी नापास झालो नव्हतो.

"शनिवारी एकपर्यंत एकदा फेरतपासणी," तपासनीस म्हणाला. "त्यात नाही झाली तर नोंदणी रद्द. गाडी भंगारात."

भंगारात! तीन हजार चारशे किलोमीटर चाललेली गाडी! तळपायाची आग मस्तकात गेली. मी कागदाची नीट चार घड्यांची घडी करून खिशात ठेवली.

घरी येईपर्यंत बातमी इमारतीत पोचली होती. माझ्या चांगल्या बातम्या कधी पहिल्या मजल्याच्या वर जात नाहीत, ही मात्र गच्चीपर्यंत गेली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, त्यांच्या भाच्याच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा सारखा लागायचा, त्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि तेव्हापासून काही त्रास नाही. सेक्रेटरी म्हणाले, इंजेक्टर गेले असतील. समोरच्या ब्लॉकमधले गृहस्थ म्हणाले, टर्बो गेला. वॉचमन म्हणाला, डिझेल गाड्यांचं असंच असतं, त्याच्या मेव्हण्याची पेट्रोलची आहे. आणि पूलवाले काका बाह्या सरसावून खाली आले.

"डिझेलमध्ये पाणी," त्यांनी गाडीकडे न बघताच सांगितलं. "फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं. खाली एक स्क्रू असतो. तो सैल करायचा, पाणी काढायचं, बंद करायचा. पाच मिनिटांचं काम. पुलाच्या कामावर आमचे रोलर होते, मी स्वतः करायचो."

गुरुवारी सकाळी ऑफिसच्या कपड्यांतच मी गाडीखाली शिरलो. पाच मिनिटांच्या कामाला कपडे कोण बदलतं? काका वरून मार्गदर्शन करत होते. "डावीकडे. अजून डावीकडे. फिरवा. घाबरता काय?" स्क्रू सैल झाला. मग आणखी सैल झाला. मग हातात आला. पाणी आलं चमचाभर. डिझेल मात्र आलं ते आधी माझ्या बाहीत, बाहीतून बगलेत, आणि बगलेतून विजारीपर्यंत. स्क्रू पुन्हा बसवायला मला पाच मिनिटं लागली. हेच ते पाच मिनिटांचं काम असावं.

त्यानंतर गाडी सुरूच होईना. खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र, आणि शांत. काका दाढी खाजवत म्हणाले, "नळीत हवा गेली. एक हातपंप असतो, तो दाबून हवा काढायला हवी होती."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," काका म्हणाले आणि नाश्त्याला निघून गेले.

मी बोललो नाही. एकशे ऐंशी वेळा तो हातपंप दाबला, मोजून, आणि प्रत्येक दाबाला मनात काय म्हणत होतो ते माझं मला माहीत. गाडी सुरू झाली, पहिल्यापेक्षा काळा धूर सोडत. सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये तेल सांडल्याबद्दल फलकावर नोटीस लावली, तीत नाव न घेता 'ब्लॉक क्रमांक बारामधील सभासद' असं लिहिलं. बारामध्ये मी एकटाच सभासद आहे. ऑफिसात दिवसभर माझ्याभोवती कुणी बसलं नाही. साहेबांनी खिडकी उघडून विचारलं, "काय हो, स्टोव्ह पेटवलाय का कुणी?"

संध्याकाळी ही दारात म्हणाली, "मी चालवून बघू का एकदा?"

"चालवून काय होणार?" माझा आवाज चढला. "गाडी आजारी आहे आणि तुला चालवायचीय!"

तिने माझ्या विजारीकडे बघितलं, साबण आणि बादली पुढे केली आणि आत गेली. शुक्रवार, शनिवार, रविवार. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिने सोमवारभोवती गोल केला होता, मी तो पहिल्यांदाच पाहिला.

शुक्रवारी मी ऑफिसला दांडी मारली आणि गाडी मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे काचेचं दार, गार हवा, आणि टाय घातलेला एक माणूस. टाय घातलेल्या माणसाला इंजिनातलं कळतं यावर माझा विश्वास आहे, निदान होता. त्याने संगणकाची वायर गाडीला जोडली, स्क्रीनवर एक यादी उमटली, आणि त्याने ती मला वाचून दाखवली: इंजेक्टर चार, टर्बो एक, धूर परत फिरवणारा व्हॉल्व्ह एक, ग्लो प्लग चार, सेन्सर दोन, आणि "तोपर्यंत काही आणखी निघालं तर तेही."

"म्हणजे तर नवीन इंजिनच झालं."

"नाही सर, इंजिनाचा ब्लॉक तुमचाच राहील."

"उद्या एकच्या आत होईल?"

तो हसला. हसताना त्याचा टायसुद्धा हलला. "पार्ट्स मागवावे लागतील सर. दहा दिवस धरा."

"सोमवारी सकाळी माझ्या बायकोला..."

"सोमवारी आमची सुट्टी असते सर."

तो दर वाक्याला सर म्हणत होता, आणि दर सरला माझ्या कानशिलावरची शीर उडत होती. मी बोललो नाही. काचेचं दार जोरात आपटायचा विचार होता, पण ते आपोआप बंद होणारं निघालं.

घरी गेलो तर ही टेबलावर कागद मांडून बसली होती. त्यात एक कागद होता, शाळेला लिहिलेलं पत्र. 'काही कौटुंबिक अडचणीमुळे सदर पद स्वीकारता येत नाही.' सही बाकी होती.

"हे काय?"

"कौटुंबिक अडचण," ती म्हणाली. "खाली पार्किंगमध्ये उभी आहे. आवरण घालून."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. आला तो त्या सगळ्यांचा, टायवाल्याचा, काकांचा, कोंबड्यांच्या टेम्पोचा. आणि एक थोडा राग होता तो कुणाचा, ते मला कळेना.

"उद्या एकपर्यंत वेळ आहे," मी म्हटलं. "सही करू नकोस."

"मग उद्या सकाळी मिस्त्रींना बोलावते," ती म्हणाली. या खेपेला विचारलं नाही, सांगितलं.

मिस्त्री म्हणजे तिच्या शाळेचा जनरेटर दुरुस्त करणारा माणूस. त्याची दोन्ही मुलं हिच्या हाताखाली शिकली. जनरेटरवाल्याला गाडीतलं काय कळणार, असं मी म्हणणार होतो, पण आता म्हणण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. तो शनिवारी नऊ वाजता आला. टाय नव्हता. त्याने बॉनेट उघडलंच नाही. सरळ मागे गेला, धुराड्यात बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोट मुळापर्यंत काळं.

"किती चालते गाडी?"

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी दहा वर्षं वाट बघत होतो. मी ताठ उभा राहिलो. आठवड्याला आठ किलोमीटर, रविवारचा व्यायाम, आवरण, चादर, दोन हजारचा नियम, सगळं सांगितलं. तो ऐकत गेला. चेहरा असा, की एखाद्याने त्याला सांगावं, आम्ही म्हशीला जपतो, तिला कधी गोठ्याबाहेर काढलं नाही आणि दूधही काढलं नाही.

"साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "डिझेल इंजिन आहे हे. ओढायला बनवलंय. ते तापलं नाही, त्याच्यावर जोर आला नाही, की काजळी जळत नाही. सगळी आतच बसते. टर्बोत, व्हॉल्व्हमध्ये, नळीत. दहा वर्षं तुम्ही याला नुसतं घुसमटवलंय."

"मी?" मी ओरडलो. "मी जपलंय!"

तेवढ्यात हिने गाडीच्या कप्प्यातलं माहितीपुस्तक काढलं. खाकी कव्हर. 'वाहनाचा वापर' या प्रकरणाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. तिने ती नखाने सोडवली आणि वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचलं: "सतत कमी अंतरासाठी व कमी वेगाने वापर केल्यास इंजिनात काजळी साचून शक्ती कमी होणे, काळा धूर येणे इत्यादी तक्रारी उद्भवतात. आठवड्यातून किमान एकदा वाहन महामार्गावर तासभर चालवावे. इंजिन जागच्या जागी चालू ठेवणे टाळावे."

'टाळावे' हा शब्द तिने दोनदा वाचला.

"भाग एकही बदलायचा नाही," मिस्त्री म्हणाला. "हायवेला घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, साडेतीन हजारांवर, चाळीस-पन्नास मिनिटं. पाय काढायचा नाही. तापलेली तशीच तपासणीला."

मी चालवायला बसलो, मिस्त्री शेजारी, ही मागे. हायवेला लागलो. तिसरा गिअर टाकला. अठराशे. एकोणीसशे. दोन हजार.

"दाबा साहेब."

दाबलं. काटा बावीसशेवर गेला आणि माझा पाय आपोआप वर आला. मी शपथेवर सांगतो, मी उचलला नाही. पाय माझा आहे, पण दहा वर्षं त्याला एकच गोष्ट शिकवली होती.

"दाबा!"

"दाबतोय!"

"कुठे दाबताय? अठराशेवर आलात परत!"

पाच वेळा असं झालं. मागून ट्रक हॉर्न मारून गेले. घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पण पाय ऐकेना.

"गाडी बाजूला घ्या," मागून आवाज आला.

मी घेतली.

"उतरा."

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिच्या वर्गातल्या मुलांनी ऐकला असेल. मी उतरलो आणि मागे बसलो. तिने सीट पुढे सरकवली, आरसा फिरवला, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि निघाली.

दुसरा गिअर. तीन हजार. मी डोळे मिटले.

"डोळे उघडा," ती आरशात बघून म्हणाली. "बघा. दहा वर्षं मी तुमच्या शेजारी बसून हा काटा बघितलाय. आता तुम्ही बघा."

तिसरा. साडेतीन हजार. इंजिन गुरगुरलं, मग ओरडलं. मागच्या काचेतून रस्ता दिसेना, सगळं काळं.

"गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याला टाके घातले," ती म्हणाली. पाय तसाच खाली. "मी बसने आले. लंगडत. का, तर पाऊस होता! गाडीचा पत्रा भिजला असता! मला घातली का हो कधी चादर कुणी?"

"अगं..."

"मध्ये बोलू नका. तीनदा विचारलं मी. दहा वर्षांपूर्वी विचारलं, बुधवारसाठी विचारलं, गुरुवारी विचारलं. मी चालवू का? माझ्याच पगारातून अर्धी घेतलेली गाडी, आणि मी विचारतेय! बावीस वर्षं चाळीस-चाळीस पोरं सांभाळते मी, मला एक ॲक्सिलरेटर सांभाळता येणार नाही?"

तीन हजार आठशे. मिस्त्रीने वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. मला वाटतं त्यालाही आपल्या बायकोची आठवण झाली असावी, कारण तो एकदम फार सभ्यपणे बसला होता. ती बोलत होती आणि गाडी पळत होती. पंधरा-वीस वर्षांचं काय काय निघालं, त्यातलं बरंच मला आठवतही नव्हतं, तिला तारखेसकट पाठ होतं. मी ऐकत होतो. दुसरं काय करणार? चालत्या गाडीतून उतरता येत नाही, आणि खरं सांगायचं तर तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. तेव्हा मला कळलं की आदल्या दिवशीचा तो थोडा राग कुणाचा होता. माझाच होता, माझ्यावर.

अर्ध्या तासाने मिस्त्री मागे वळून बघत म्हणाला, "बाई, रस्ता दिसायला लागला."

खरंच दिसत होता. मागे धूर नव्हता. इंजिनाचा आवाज बदलला होता, आधी चिरका होता, आता एकसारखा भरलेला होता. तिचाही बदलला होता. "चौथा टाकू का?" तिने विचारलं, आणि मिस्त्री म्हणाला, "टाका बाई, आता तिला हवाय."

बारा वाजून पस्तीस मिनिटांनी आम्ही तपासणी केंद्रावर पोचलो. रांगेत मागे तेच पांढऱ्या शर्टवाले गृहस्थ होते, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीसाठी आले होते. आमची गाडी ओळखून ते पळत रस्त्यापलीकडे गेले. तपासनिसाने नळी घातली, आत बसला, तळापर्यंत दाबलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. आकडा एकतीस.

त्याने दोनदा पुन्हा बघितलं. "काय बदललंत?"

"ड्रायव्हर," मिस्त्री म्हणाला.

सोमवारी पावणेआठ वाजता ही खाली उतरली. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि प्रमाणपत्राची प्रत. मी किल्ली तिच्या हातात दिली. 'सांभाळून जा' तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं. तिने पार्किंगमधून गाडी काढली, फाटकाबाहेर वळवली आणि दुसऱ्या गिअरमध्ये अशी नेली की वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला.

पूलवाले काका हातात वर्तमानपत्र घेऊन उभे होते. "एवढ्या लांब वहिनींच्या हातात गाडी? डिझेलची गाडी जड असते हो. बायकांना नाही झेपत. तुम्ही जरा..."

आणि मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा, पार्किंगच्या मधोमध, हातात ते रिकामं आवरण घेऊन, घशाच्या शिरा ताणून. "काका! टॉर्क म्हणजे नक्की काय, असं विचारत होतात ना मला, सगळ्यांसमोर? आत्ता फाटकातून बाहेर पडला तो! बघून घ्या! आणि पुन्हा माझ्या गाडीखाली मला कधी पाठवलंत, तर तुमचा तो एक उभा पूल मी स्वतः येऊन पाडीन!"

वरच्या मजल्यावर तीन खिडक्या उघडल्या. काकांचं वर्तमानपत्र खाली पडलं. मी आवरणाची घडी केली, ती कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली आणि बसस्टॉपवर गेलो. फार हलकं वाटत होतं. बस पंचवीस मिनिटं उशिरा आली, तेव्हा कंडक्टरलाही दोन शब्द सुनावले. एकदा रस्ता मोकळा झाला की थांबवत नाही.

नऊला आठ मिनिटं कमी असताना बसमध्ये फोन वाजला.

"पोचले," ती म्हणाली. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. "सही झाली. खुर्ची मिळाली. खिडकीतून गाडी दिसते, उन्हात उभी आहे. आवरण नाही, काही नाही. ऐकताय ना?"

गाडी उन्हात! माझ्या जिभेवर 'गाडी कशी आहे?' हा प्रश्न तयारच होता. दहा वर्षं तिच्या प्रत्येक फोनवर मी पहिला तोच विचारलाय. पण मी दाबून धरला, आणि म्हटलं, "तू कशी आहेस?"

बस दोन स्टॉप पुढे गेली. मग ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं नाही का? ऑफिसात गेलात की घरीच आहात?"